चुकीचें मूळ आणि शिकविणारें यंत्र

चौथी-पांचवींतील एखाद्या मुलाची गणिताची वही समोर उघडी आहे, असें श्रोत्यांनीं क्षणभर समजावें. तींत ३०५ वजा १२८ हें उदाहरण आहे आणि मुलानें उत्तर २७७ लिहिलें आहे. बरोबर उत्तर १७७. शिक्षक लाल शाईची फुली मारतात, घरीं वडील म्हणतात, "जरा लक्ष देऊन करीत जा," आणि मूल मान हालवून दुसऱ्या दिवशीं तसलेंच उदाहरण पुन्हां तसेंच चुकवितें. वस्तुतः त्यानें लक्ष दिलेलें असतें. पांचांतून आठ जात नाहींत हें त्यानें ओळखलें. शेजारून दशक उसनें घ्यावें तर तेथें शून्य. तेव्हां पूर्वीं कोणी सांगितल्याप्रमाणें त्यानें शून्याचे नऊ केले आणि एककाच्या घरीं दहा आणले. पंधरांतून आठ गेले, राहिले सात. नवांतून दोन गेले, राहिले सात. तिनांतून एक गेला, राहिले दोन. सारें यथासांग झालें. फक्त शून्याचे नऊ होण्यासाठीं शतकाच्या घरांतील तिनाचे दोन व्हावे लागतात, ही एक पायरी त्याच्या मनांत कधीं बसलीच नाहीं. निष्काळजीपणाची चूक निराळी आणि नियमानें होणारी चूक निराळी. ही दुसरी चूक मूल मोठ्या प्रामाणिकपणानें, वर्षानुवर्षें करीत राहतें.

या दुसऱ्या प्रकारच्या चुकांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेंतील जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनीं करून तो १९७८ सालीं प्रसिद्ध केला. मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा या देशांतील सुमारें १,३०० मुलांनीं सोडविलेल्या वजाबाक्यांची त्यांनीं संगणकाकडून छाननी करविली. तेव्हां असें दिसून आलें कीं, पुष्कळ मुलांचीं चुकीचीं उत्तरें वेडींवांकडीं नसून एखाद्या सदोष नियमाचीं तीं अगदीं बिनचूक फळें असतात. कोणी नेहमीं लहान अंक मोठ्या अंकांतून वजा करतो, मग तो वर असो कीं खालीं असो. त्याला ५२ वजा ३८ घातलें कीं तो २६ उत्तर देणार. कोणी उसनें घेतो, पण फेडीत नाहीं. संगणकाच्या आज्ञावलींतील दोषाला इंग्रजींत 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची चाल आहे. त्यावरून या दोघांनीं आपल्या यंत्ररचनेला 'बगी' असें थोडें थट्टेचें नांव दिलें.

आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, 'बगी' केवळ मुलांसाठीं नव्हती. ती होऊं घातलेल्या शिक्षकांसाठींही होती. हा एक प्रकारचा खेळ होता. संगणक एखादा सदोष नियम मनांत धरून मुलाचें सोंग घेई. शिक्षक होऊं इच्छिणाऱ्यानें त्याला वजाबाक्या घालावयाच्या, त्याचीं चुकीचीं उत्तरें पाहावयाचीं आणि 'या मुलाचें कोठें बिनसलें आहे' हें शोधून काढावयाचें. 'समजलें' असें नुसतें म्हणून सुटका नसे. संगणक लगेच कांहीं नवीं उदाहरणें पुढें ठेवी आणि विचारी: हें मूल यांचीं उत्तरें काय देईल तें लिहा. मुलाच्या चुका जशाच्या तशा करून दाखवितां आल्या तरच निदान खरें. चांगला वैद्य नाडी पाहून 'काल रात्रीं तुम्हांला थंडी वाजली असेल' असें आधींच सांगतो, त्यांतलाच हा प्रकार.

तेव्हां कृत्रिम बुद्धिमत्तेचा अध्यापनशिक्षणांत शिरकाव काल-परवां झाला, ही सार्वत्रिक समजूत तितकीशी बरोबर नाहीं. मात्र सर्वसामान्य घरांतून तिचें नांव ऐकूं येऊं लागलें तें ३० नोव्हेंबर २०२२ नंतर. त्या दिवशीं 'चॅट-जीपीटी' हें संभाषण करणारें यंत्र सर्वांस खुलें झालें, आणि पुढें कांहीं आठवड्यांतच मुलें त्याच्याकडून निबंध लिहवून घेऊं लागलीं. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणखात्यानें जानेवारी २०२३ मध्यें आपल्या शाळांत त्यावर बंदी घातली आणि मे महिन्यांत ती उठविली. एवढ्या मोठ्या खात्याची चार महिन्यांत अशी धांदल उडावी, यावरून शिक्षणक्षेत्र किती गोंधळून गेलें होतें याची कल्पना येईल.

एका शिक्षकापुढें मुलें पुष्कळ आणि प्रत्येकाची अडचण मात्र वेगळी, ही तक्रार शाळा या संस्थेइतकीच जुनी आहे. आपल्याकडील पंतोजी धुळाक्षरें गिरविणाऱ्या लहानग्यांवर मोठ्या मुलांना नेमून मोकळे होत. मद्रासजवळील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळांत वाळूवर अक्षरें काढणारीं मुलें पाहिलीं, वडील मुलांनीं धाकट्यांस शिकविण्याची पद्धति आपल्या शाळेंत सुरू केली आणि १७९७ सालीं तिच्यावर पुस्तक लिहून ती विलायतेंत नेली. तेथें ती 'मद्रास पद्धति' म्हणून गाजली. पुढें माणसाच्या जागीं यंत्राची कल्पना आली. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत सिडनी प्रेसी यांनीं १९२४ सालीं एक पेटी करून दाखविली. तिच्या खिडकींत प्रश्न दिसे, खालीं चार कळा असत आणि बरोबर कळ दाबल्यावांचून पुढचा प्रश्न येत नसे. ठराविक प्रश्न बरोबर सुटले म्हणजे गोळी बाहेर पडेल अशीही एक सोय त्यांनीं तिला जोडली होती. (या गोळीची आठवण हल्लींच्या मुलांच्या हातांतील खेळवजा अभ्यासांत पदोपदीं होते, नाणीं, तारे आणि टाळ्या ही त्याच गोळीचीं नवीं रूपें.)

१९५३ सालीं मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गांत मागें जाऊन बसले होते. कांहीं मुलें उदाहरणें संपवून कंटाळून बसलीं होतीं, कांहीं अडून बसलीं होतीं, आणि आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें दोघांनाही त्या तासाला कळणार नव्हतें. वह्या तपासून परत यावयाच्या होत्या. या विलंबानें स्किनर अस्वस्थ झाले आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं आपलें शिकविणारें यंत्र सादर केलें. प्रेसींच्या व स्किनरच्या यंत्रांना 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेंच सांगतां येई. चूक कां झाली हें त्यांना विचारण्यांत अर्थ नव्हता. 'बगी'चें महत्त्व येथें आहे.

१९८४ सालीं शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनीं एक लेख लिहिला आणि त्यानें पुढील चाळीस वर्षें यंत्रकर्त्यांना पछाडलें. एका मुलाला एक चांगला शिक्षक स्वतंत्रपणें मिळाला, तर त्या रीतीनें शिकलेला सामान्य मुलगा नेहमींच्या वर्गांतील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढें जातो, असें त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत आढळलें होतें. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणें कोणत्याही सरकारला परवडणारें नाहीं; मग हा लाभ सर्वांना कसा द्यावा, हा ब्लूम यांचा प्रश्न. शिकवणीच्या फायद्याचा तो आंकडा मात्र आतां कोणी जसाच्या तसा धरीत नाहीं. २०११ सालीं कर्ट व्हॅनलेन यांनीं पुष्कळ प्रयोगांचा ताळा पुन्हां घेतला, तेव्हां खऱ्या शिकवणीचा सरासरी फायदा ब्लूमच्या आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला, आणि पायरी-पायरीनें तपासणारीं चांगलीं यंत्रें माणसाच्या जवळपास येऊन पोंचलेलीं दिसलीं.

याच प्रश्नाला दिल्लींत मिळालेलें उत्तर आपल्याला अधिक जवळचें आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहांद्रो गानिमियन या तिघांनीं तेथें केलेला प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतील सहावी ते नववीच्या ६१९ मुलांतून चिठ्ठ्या टाकून कांहींना 'माइंडस्पार्क' केंद्रांत शाळा सुटल्यावर प्रवेश दिला गेला. रोज पाऊण तास संगणकापुढें आणि पाऊण तास लहान गटांत माणसापुढें, अशी व्यवस्था होती. प्रारंभींच्या चांचणींत उघड झालेली स्थिति मन विषण्ण करणारी होती. गणितांत सहावींतील मूल सरासरीनें अडीच इयत्ता मागें आणि नववींतील मूल साडेचार इयत्ता मागें. म्हणजे शिक्षक फळ्यावर बीजगणित मांडीत आहेत आणि समोरचा मुलगा अजून भागाकारांत अडकलेला आहे. तरीही तो रोज शाळेंत येतो, वही उतरवून घेतो आणि घरीं 'चाललें आहे' असें सांगतो. यंत्रानें केलें तें इतकेंच कीं, इयत्ता कोणतीही असो, मूल जेथें उभें होतें तेथून त्याला प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोन्हींत या मुलांची प्रगति लक्षांत येण्याइतकी पुढें गेली, आणि सर्वांत जास्त सापेक्ष लाभ झाला तो सर्वांत कच्च्या मुलांना. कारण केंद्रांत न आलेलीं त्यांच्यासारखीं कच्चीं मुलें त्या काळांत जवळजवळ जागच्या जागींच राहिलीं होतीं.

आतां नव्या यंत्राकडे वळूं. तें जुन्यांहून जातीनेंच निराळें आहे. त्याला कोणी वजाबाकीचे नियम शिकविलेले नाहींत. मनुष्यजातीनें लिहून ठेवलेल्या अफाट मजकुरांतून कोणत्या शब्दामागें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब त्यानें मांडलेला असतो. आणि प्रश्न विचारला कीं त्या हिशेबाप्रमाणें तें शब्दाचे तुकडे एकापुढें एक ठेवीत जातें. शेकडों कीर्तनें ऐकलेला श्रोता बुवांचें वाक्य अर्ध्यावर तुटलें तरी तें बरोबर पुरें करतो, तसेंच हें. फरक असा कीं, श्रोत्याला आपण कोठें अडलों तें कळतें, यंत्राला तें कळेलच असें नाहीं. त्याचें चुकलेलें वाक्य बरोबर वाक्याइतकेंच सफाईदार असतें. एमिली बेंडर, टिम्निट गेब्रू आणि त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालच्या आपल्या टीकालेखांत या यंत्रांना पोपटाची उपमा दिली. पोपटपंची हा शब्द ज्या भाषेंत शाळेच्या संदर्भांतच रूढ झाला आहे, त्या भाषेंतील वाचकांना ती उपमा समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण उपमा संपूर्ण मानण्याचेंही कारण नाहीं. हीं यंत्रें पुष्कळ वेळां उदाहरण सोडवितात आणि बरोबर सोडवितात. अडचण निराळीच आहे, आणि ती तुर्कस्तानांतील एका प्रयोगानें फार स्पष्टपणें पुढें आणली.

हम्सा बास्तानी व त्यांचे सहकारी यांनीं तेथील एका माध्यमिक शाळेंतील सुमारें एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट केले. विषय गणिताचा. पहिल्या गटानें नेहमींप्रमाणें पुस्तक व वही घेऊन सराव केला. दुसऱ्याला मोकळें संभाषणयंत्र दिलें. काय विचाराल तें विचारा. तिसऱ्याला तेंच यंत्र दिलें, पण शिक्षकांनीं त्याला आधींच बजावून ठेवलें होतें: उत्तर सांगूं नकोस, खूण सांग, आणि मुलें या ठिकाणीं अमुक चूक करतात हें लक्षांत ठेव. सराव करतांना दुसऱ्या गटाचे गुण पहिल्याहून ४८ टक्क्यांनीं अधिक आणि तिसऱ्याचे १२७ टक्क्यांनीं अधिक भरले. येथवर सारें आनंदाचें. मग यंत्रें काढून घेतलीं आणि परीक्षा झाली. मोकळें यंत्र वापरणारा गट पुस्तक-वही वापरणाऱ्यांपेक्षां १७ टक्क्यांनीं मागें पडला! बजावलेल्या यंत्राचा गट पहिल्याच्या बरोबरीस राहिला. त्याचें नुकसान झालें नाहीं, पण सरावांतील ती दुप्पट भरारीही परीक्षेंत उतरली नाहीं. सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, दुसऱ्या गटांतील मुलांना आपण कमी शिकलों असें वाटलेंच नव्हतें. हा अहवाल २०२५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

ज्या घरांत मुलगा रात्रीं दूरध्वनियंत्र हातांत घेऊन 'गृहपाठ झाला' म्हणतो, त्या घरच्या मंडळींनीं हे तीन गट ध्यानांत ठेवावेत. झालेला गृहपाठ आणि झालेला अभ्यास यांतील अंतर पूर्वींही होतें. शेजारच्या मुलाची वही उतरून काढणारे पूर्वींही होते. पण शेजारच्या मुलाकडे जावें लागे, त्याची मनधरणी करावी लागे, आणि त्याचें उत्तरही चुकलेलें असूं शके. आतां ती सगळी खटपट संपली. याउलट नायजेरियांतील बेनिन शहरांत २०२४ सालीं शाळा सुटल्यावर सहा आठवडे मुलांना असेंच यंत्र वापरावयास दिलें, तेव्हां त्यांचें इंग्रजी स्पष्टपणें सुधारलें. तेथें मुलें दोन-दोनांच्या जोडीनें बसत, शिक्षक समोर असे आणि कोणता प्रश्न कसा विचारावा हें तो सांगे. म्हणजे यंत्राच्या गुणदोषांबरोबरच तें कोणाच्या देखरेखीखालीं चालतें याचाही विचार करावयास हवा.

अशा देखरेखीसाठीं शिक्षक तयार कसा करावयाचा? या प्रश्नाला स्टॅनफर्ड विद्यापीठांतील रोझ वांग, डोरा डेम्स्की व त्यांचे सहकारी यांनीं २०२४ सालीं दिलेलें उत्तर चातुर्याचें आहे. त्यांनीं यंत्र मुलाच्या हातीं दिलेंच नाहीं. शिक्षकाच्या हातीं दिलें. अमेरिकेंत दूरस्थ शिकवणी देणाऱ्या नवशिक्या शिकवणारांपुढें मोठीच अडचण असते. मूल चुकलें कीं तीं घाईघाईनें उत्तर सांगून मोकळीं होतात, किंवा नुसतें 'छान, पुन्हां कर' म्हणतात. अनुभवी शिक्षक तेथें क्षणभर थांबतो. चूक कोणत्या जातीची आहे, आतां प्रश्न विचारावा कीं खूण द्यावी कीं सोपें उदाहरण घालावें, आणि तें कशासाठीं, असे तीन विचार त्याच्या मनांत सरकून जातात. पण ते तो कधीं बोलून दाखवीत नाहीं. संशोधकांनीं अनुभवी शिक्षकांना ते बोलून दाखवावयास लावलें, टिपून घेतलें आणि यंत्रांत घातलें. 'ट्यूटर कोपायलट' असें या साधनाचें नांव. मूल चुकलें असतां शिकवणारानें एक कळ दाबावी. यंत्र पुढें काय बोलतां येईल याच्या सूचना देतें. त्यांतून एक निवडावी, बदलावी किंवा टाकून द्यावी.

सुमारें ९०० शिकवणारे व १,८०० विद्यार्थी यांच्यावर हा प्रयोग झाला. ज्यांच्या शिक्षकांकडे हें साधन होतें तीं मुलें पाठ पक्का करण्यांत सरासरीनें शेंकडा चारांनीं पुढें गेलीं. आणि जे शिकवणारे आधीं कमी दर्जाचे गणले गेले होते त्यांचीं मुलें शेंकडा नवांनीं. खर्च दर शिकवणारामागें वर्षाला सुमारें वीस डॉलर. आंकडे डोळे दिपविणारे नाहींत, पण त्यामागील हालचाल पाहण्यासारखी आहे: हें साधन हाताशीं असलेले लोक मार्गदर्शक प्रश्न अधिक विचारूं लागले आणि उत्तर सांगून टाकण्याचें प्रमाण कमी झालें. त्यांची तक्रारही नोंदलेली आहे. यंत्राच्या कांहीं सूचना त्या इयत्तेच्या मुलाला पेलण्यासारख्या नसत. ही तक्रार करतां येणें हेंच शिक्षकपणाचें एक लक्षण मानावयास हरकत नाहीं. ज्याला ती करतां येत नाहीं तो यंत्राची पांचवीला न शोभणारी भाषा पांचवीला तशीच वाचून दाखवील.

आपल्याकडील अध्यापक विद्यालयांत सराव पाठ ही मोठी घटना असते. टाचण लिहावयाचें, मार्गदर्शक प्राध्यापकांची सही घ्यावयाची, तक्ते रंगवावयाचे आणि मग शेवटच्या बाकावर निरीक्षक बसले असतां तास घ्यावयाचा. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्यें ड्वाइट ॲलन यांनीं सूक्ष्म अध्यापनाची पद्धति काढली: पांच-सात मुलें, पांच-दहा मिनिटें, एकच कौशल्य, लगेच टीका, आणि पुन्हां तोच पाठ. ती इकडेही आली. पण बहुतेक ठिकाणीं समोर खऱ्या मुलांऐवजीं सोबतचेच छात्राध्यापक मुलें बनून बसतात, आणि त्यांना उत्तर अगोदरच ठाऊक असतें. टाचणांचें तर विचारूंच नये. गेल्या वर्षींच्या वह्या उतरून काढण्याची जुनी प्रथा आतां यंत्राकडून टाचण लिहवून घेण्यांत परिणत होत आहे, आणि त्याला कोठें कोठें 'तंत्रज्ञानाचा वापर' असें भारदस्त नांवही मिळतें. तीस मुलांचीं नांवें व त्यांच्या अडचणी ठाऊक नसलेल्या यंत्रानें लिहिलेलें टाचण सुबक असतें. त्यांत हेतु, पूर्वज्ञान, मूल्यमापन सारें जागच्या जागीं असतें. नसतें तें एवढेंच कीं, दुसऱ्या बाकावरील मुलीला अद्याप दशक-शतक समजलेलें नाहीं.

याहून आशादायक प्रकार म्हणजे यंत्राला मूल बनविणें. २०२३ सालीं स्टॅनफर्डमध्यें नवशिक्या अध्यापक-सहायकांना यंत्रानें साकारलेल्या विद्यार्थ्यांशीं बोलण्याचा सराव देण्याचा एक प्रयोग झाला. कल्पना उत्तम आहे: खऱ्या मुलाचें नुकसान न होतां हात बसतो, आणि तोच प्रसंग दहा वेळां घेतां येतो. पण येथें एक मौजेची अडचण उभी राहते, आणि ती 'बगी'कडे परत घेऊन जाते. नवें यंत्र बरोबर बोलण्यासाठीं घडविलेलें आहे. त्याला 'तूं वजाबाकी न समजलेला मुलगा हो' असें सांगितलें, तर तें एक-दोन उत्तरें चुकीचीं देतें आणि शिक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला 'अच्छा, आतां समजलें, शतकांतून एक घ्यावयास हवा' असें समंजस उत्तर देऊन मोकळें होतें. खरें मूल इतक्या लवकर समजत नाहीं. तें गप्प बसतें, भलतेंच सांगतें, 'हो' म्हणतें आणि पुन्हां २७७ लिहितें. १९७८ चें यंत्र वजाबाकीपलीकडे कांहीं जाणत नव्हतें, पण आपली चूक तें शेवटपर्यंत सांभाळी. आजचें यंत्र जगांतील सर्व विषयांवर बोलतें, पण एक चूक धरून बसणें त्याला जड जातें. छात्राध्यापकाला सरावासाठीं हवा असतो तो हट्टी विद्यार्थी. हीं दोन्हीं यंत्रें एकत्र बसविण्याचे, म्हणजे चुकीचा नियम जुन्या रीतीनें पक्का बांधून बोलणें तेवढें नव्याकडे देण्याचे प्रयत्न व्हावयास हवेत.

मराठीपुरता विचार करतां आणखी एक गोष्ट सांगावी लागते. या यंत्रांचें पोषण ज्या मजकुरावर झालें त्यांत इंग्रजीचा वांटा प्रचंड आणि मराठीचा अगदीं थोडा. परिणाम असा कीं, मराठी शब्दाचे तें अधिक तुकडे करतें, वाक्यरचना पुष्कळदां इंग्रजीची ठेवतें, आणि मधूनच हिंदीचें लिंग मराठी शब्दाला चिकटवितें. मोठ्या माणसाला हसूं येईल. पण पहिली-दुसरींतील मुलाला भाषाच त्यावरून शिकावयाची असली तर हसण्यासारखें राहत नाहीं. उसनें घेणें, हातचा धरणें, पाढा म्हणणें हे शब्द आपल्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेले आहेत. ते या यंत्रांना यावयाचे तर मराठी शिक्षकांचें वर्गांतील खरें बोलणें लेखी स्वरूपांत साठवावें लागेल. मात्र त्यांत मुलांचे आवाज आणि नांवेंही येणार. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीसंबंधीं भारतीय कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यास आईवडिलांची पडताळून पाहतां येईल अशी संमति आवश्यक ठरविली आहे. शाळांनीं आणि पालकांनींही सही करण्यापूर्वीं तो कागद वाचावा.

तोंपर्यंत पहिल्या मुलाची वही तशीच पडून आहे. तिच्यासाठीं यंत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं. घरच्या घरीं आईनें त्याला दोन उदाहरणें घालावींत: ४०२ वजा १६७ आणि ४१२ वजा १६७. पहिल्याचें उत्तर २३५ ऐवजीं ३३५ आलें आणि दुसऱ्याचें २४५ असें बरोबर आलें, तर दोष शून्याशींच आहे हें निश्चित झालें. दुसऱ्या उदाहरणांतही घोटाळा झाला, तर मूळ आणखी खोल समजावें. दोष शून्याशींच असला तर शंभराच्या तीन नोटा आणि पांच सुटे रुपये त्याच्या हातीं द्यावेत व 'यांतले एकशें अठ्ठावीस मला दे' म्हणावें. दहाची नोट नाहीं हें पाहून तो प्रथम गोंधळेल. मग शंभराची एक नोट देऊन दहाच्या दहा नोटा त्याला वाण्याकडून त्यानेंच आणाव्यात, त्यांतील एक पुन्हां मोडावी, आणि एकशें अठ्ठावीस मोजून दिल्यावर शंभराच्या किती नोटा उरल्या तें त्यानेंच पाहावें.